ताईचा पास आणि माझे मोजे

गाडी चुकणं हा प्रकार माझ्या आयुष्यात होतच नाही! असं मी सव्वीस वर्षं छातीठोकपणे सांगत आले. का नाही सांगणार? शिझुओका स्टेशनच्या फलाटावर मी सव्वीस वर्षं जेवणाचे डबे विकले. कोणती गाडी कुठे किती थांबते, कुठे बाजूला होऊन दुसरीला वाट देते, हे मला इतकं पाठ, की आमचे हे म्हणतात, "बायका झोपेत घोरतात. ही घोषणा करते!"

तर दहा-बारा वर्षांपूर्वी फुसाएताई ब्राझीलहून येणार असं कळलं, तेव्हा मी जाहीर करून टाकलं, "प्रवासाचं सगळं माझ्याकडे. ताईने फक्त खिडकीपाशी बसायचं!"

ताई तब्बल एकतीस वर्षांनी येत होती. आणि प्रवास साधासुधा नव्हता. तिकडे मात्सुएला वृद्धाश्रमात आमची आई. वय वर्षं एक्याण्णव. ताई लग्न करून निघाली, तेव्हा तिला निरोप देऊन आई मात्सुए स्टेशनाबाहेर पडली, ती परत कधी त्या फलाटावर गेली नाही. गल्ली बदलून जायची. आता मात्र तिने फोनवर फर्मान काढलं होतं, "जिथून गेली तिथेच उतरताना बघायचीय मला. आणि दोघी एकत्र उतरा. एक मागे, एक पुढे, असं चालणार नाही!"

आश्रमाच्या डॉक्टरांनी नोव्हेंबरच्या वाऱ्यात फक्त अर्धा तास बाहेर बसायची परवानगी दिली होती. मात्सुएला दोन चाळीसला पोचणारी गाडी गाठायचीच. पुढची तासाभराने, म्हणजे आईसाठी कधीच नाही.

ताई आली ती शिझुओकाच्या फलाटावरच मला कडकडून मिठी मारत! चार माणसांदेखत! मी आकडा लावलेल्या दारासारखी ताठ उभी. ताई साओ पाउलोत बाजारच्या दिवशी गरम करंज्या तळून विकते. आवाज असा, की शेजारच्या फलाटावरच्या लोकांनीही वळून पाहिलं.

"किनुए! हे बघ!" तिने पर्समधून एक जाड कागद काढून नाचवला. "पास! सात दिवस! अख्ख्या देशात, हवी ती गाडी!"

मी थक्क. सव्वीस वर्षं गाड्यांच्या धुरावर जगले नसेन, पण गाड्यांच्या वाऱ्यावर नक्की जगले, आणि असला कागद हातात धरला नव्हता. कारण तो फक्त परदेशी पाहुण्यांना मिळतो! ताईने तिकडचं नागरिकत्व घेतलेलं. म्हणजे घर सोडून गेली तिला सगळा देश मोकळा, आणि जी इथेच डबे विकत बसली तिने मोजून-मापून तिकीट काढायचं!

"हवी ती गाडी नाही हं," मी जरा तोऱ्यात म्हटलं. "सगळ्यांत वेगवान गाडीला हा चालत नाही. आण इकडे तो पास. पासपोर्टही आण. हरवशील."

"अगं, मी बाजारात तीस वर्षं गल्ला सांभाळते!"

"हे ब्राझील नाही, ताई. इथे नियम असतात."

असं म्हणून मी तिची दोन्ही कागदपत्रं माझ्या गळ्यातल्या पिशवीत घातली. माझं तिकीट मात्र समोरच्या जाळीत खोचलं, फोन सीटवर ठेवला, बूट काढून नीट जोडून खाली ठेवले आणि मांडी घालून बसले. शहाण्या माणसाने प्रवास असा करावा!

शेजारच्या सीटवर एक आजी होत्या. जांभळी छत्री, पांढरे केस, डोळे एकदम बेरकी. त्यांनी आम्हाला दोन संत्री दिली. आता संत्री घेऊन गप्प बसणं मला जमेल का? मी तांदळाच्या कुरकुरीत चकत्यांचं पाकीट दिलं. आजींनी गोळ्या दिल्या. मी चहाची पुडी दिली. आजींनी सुकवलेले मासे दिले.

"काय चाललंय तुमचं?" ताई तोंडात मासा घोळवत म्हणाली. "लढाई आहे का?"

"तुला नाही कळायचं. रीत असते."

नागोया आलं. आजी उठल्या, छान वाकल्या, निघाल्या. मी हुश्श केलं आणि पाहते तर काय! माझ्या सीटवर गोड वड्यांचा अख्खा डबा! जाता जाता हळूच ठेवला होता बाईंनी! म्हणजे त्या जिंकल्या आणि मी आयुष्यभर त्यांची देणेकरी! आईसाठी आणलेल्या चहाच्या दोन डब्यांतला एक उचलला आणि मी धावले. आजींना फलाटावर गाठलं, डबा हातात कोंबला आणि वाकले.

आजी वाकल्या. मी त्याहून खाली वाकले. त्या आणखी खाली. आता आधी कोण सरळ होणार? मी तर नाही! मी इतकी वाकले, की मला फलाटाच्या फरशीवर माझा अंगठा दिसला. मोज्यातून बाहेर आलेला!

मोजा?

मी सरळ झाले. मागे दारं मिटली. खिडकीत ताई. नाक काचेला दाबलेलं, एका हातात माझे बूट, दुसऱ्या हातात माझा फोन. आणि गाडी निघून गेली. एका सेकंदाचाही उशीर न करता! आमच्या गाड्यांच्या शिस्तीचा मला जन्मात इतका राग आला नव्हता.

तेवढ्यात स्टेशनचा माणूस आला. तरुण, चकचकीत टोपी, छातीवर नाव 'इसोबे'. त्याची नजर माझ्या तोंडावर, मग पायांवर, मग अंगठ्यावर, आणि मग सभ्यपणे आकाशाकडे.

"तिकीट बघू?"

पिशवीत हात घातला. निघाला ताईचा पास.

"अरे वा! ब्राझील!" इसोबेचा चेहरा उजळला. तो हातवारे करत मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून बोलायला लागला. "काळजी. नको. आम्ही. मदत!"

आता खरं सांगायला हवं होतं. पण तुम्हीच सांगा! जपानी बाई, पन्नाशी उलटलेली, भर फलाटावर फाटक्या मोज्यांत? तोंड कुठे लपवायचं? आणि ब्राझीलच्या बाईला मात्र सगळं माफ! त्यांच्याकडे कदाचित असंच उतरत असतील!

माझ्या तोंडून आपोआप निघालं, "मी... बूट... गाडी... गेली."

"किती छान जपानी बोलता हो तुम्ही!" इसोबे भारावून म्हणाला.

वाईट म्हणजे आजी तिथेच उभ्या होत्या. गाडीत त्यांच्याशी मी चहाच्या भावापासून गुडघेदुखीपर्यंत तासभर बोलले होते! आता त्या मला उघडं पाडणार, म्हणून मी डोळे मिटले. आजी म्हणाल्या, "तरीच! गाडीतच मला वाटलं, या बाईंचं वाकणं जरा परदेशी वळणाचं आहे. यांची जपानी बहीण तर गाडीतच राहिली!"

हे मात्र लागलं. जिव्हारी लागलं.

पुढे जे झालं ते बघून मी थक्कच झाले. कोणीतरी हिरव्या सपाता आणल्या, वर सोनेरी अक्षरांत स्टेशनचं नाव. कोणी गरम चहा आणला. इसोबेने फोन उचलला, कुठेतरी दोन वाक्यं बोलला, आणि ताशी दोनशेहून जास्त वेगाने पळणाऱ्या गाडीतल्या कंडक्टरपर्यंत निरोप पोचला: 'जपानी बहिणीला सांगा, ब्राझीलची बहीण सुखरूप आहे. उतरू नका. शेवटपर्यंत बसा.' मी फलाटाच्या एवढ्याशा तुकड्यावर सव्वीस वर्षं काढली. त्यामागे एवढी माणसं एकमेकांचे हात धरून उभी असतात, हे मला कधी दिसलंच नव्हतं.

"तुमच्या पासवर चालणारी गाडी पस्तीस मिनिटांनी," इसोबे म्हणाला.

माझ्या डोक्यातलं वेळापत्रक फडफडलं. पस्तीस मिनिटांनी म्हणजे ओकायामाला मात्सुएसाठी बदलायची गाडी गेली! म्हणजे ताई मात्सुएला एकटीच उतरणार, आणि आई व्हीलचेअरमधून तिच्या मागे बघत राहणार. दुसरी कुठाय?

"सात मिनिटांनी... वेगवान गाडी?"

इसोबेने दोन्ही हातांची फुली केली. "माफ करा. पास. चालत नाही."

झालं! एकीकडे माझी लाज, दुसरीकडे आई. मी सपाता जुळवल्या आणि कमरेत वाकले. यावेळी कोणाला हरवायला नव्हे.

"साहेब, मी जपानी आहे. शिझुओकाची. पास माझ्या बहिणीचा आहे. मी लाजेपायी गप्प बसले. मला वेगवान गाडीचं तिकीट द्या, दंड असला तर तोही द्या!"

इसोबे हळूच हसला. "बाई, तुमचं जपानी खरंच अप्रतिम आहे. पण घाबरू नका, परदेशी पाहुण्यांना आम्ही—"

"अरे देवा! मी परदेशी नाही!"

"उच्चारही किती स्वच्छ!"

आता काय करू? माझ्याजवळ पुरावा एकच. मी डोळे मिटले आणि सुरू केलं. कोणती गाडी किती वाजता निघते, ओसाकानंतर ताईची गाडी कशी प्रत्येक स्टेशन घेते, हिमेजीला कशी बाजूच्या रुळावर थांबते, तिथे कोणती गाडी तिला मागे टाकते, ओकायामाला कोण किती मिनिटं आधी पोचतं! इसोबेने खिशातलं पुस्तक काढलं. त्याचं बोट पानावरून धावायला लागलं. मी पुढे, बोट मागे! पान संपलं तेव्हा त्याने टोपी काढली.

"असं आमच्या साहेबांनाही येत नाही," तो हळूच म्हणाला. "तुम्ही आहात तरी कोण?"

"डबेवाली."

त्याने तिकीट करून दिलं. पास पिशवीत जपून ठेवायला लावला. गाडी आली. मी दारापाशी वळून वाकले. तो वाकला. मी आणखी—

"पुरे!" आजींनी जांभळ्या छत्रीचं टोक माझ्या पाठीत टोचलं. "वाकणं उत्तम आहे तुमचं! मघाशी थट्टा केली! चढा आता!"

त्या गाडीत मी जन्मात पहिल्यांदा बसले. डबे तिच्यातल्या कोणालाच विकता आले नव्हते. ती आमच्या स्टेशनात थांबतच नाही, नुसती वारा देऊन जाते, टोप्या उडवून. आज मी त्या वाऱ्याच्या पोटात होते. डोंगर, कौलं, वाळत घातलेल्या गाद्या, सगळं कोणी खिडकीवरून फडक्याने पुसावं तसं जात होतं. हिमेजी आलं आणि मी काचेला नाक लावलं. बाजूच्या रुळावर ताईची गाडी. डोळ्याचं पातं लवण्याएवढा वेळ! पण मला दिसली. पिवळी शाल, मधल्या वाटेत उभी, हात पसरून काहीतरी सांगतेय, आणि अख्खा डबा हसतोय. आपल्याकडे गाडीत अनोळखी माणसं अशी हसत नाहीत हो! एकतीस वर्षं मला वाटायचं, बिचारी, एवढ्या लांब एकटी कशी राहिली असेल. अशी राहिली होती.

ओकायामाला मी सहा मिनिटं आधी पोचले. ताई उतरली ती सगळ्यांना मिठ्या मारत. कंडक्टरलाही! तो बिचारा आकडा लावलेल्या दारासारखा ताठ. माझं सामान दुसऱ्याच एका प्रवाशाच्या हातात.

"काय गं!" ताई ओरडली. "तो कंडक्टर मला म्हणतो, तुमची ब्राझीलची बहीण सुखरूप आहे! मी म्हटलं, अहो, ब्राझीलची बहीण मीच! तो म्हणतो, मग नागोयात कोण आहे?"

"बूट दे."

"बूट?" ताईने सामान चाचपलं. मग लांब गेलेल्या रिकाम्या गाडीकडे बघितलं. "सगळं आणलं गं... वड्याही आणल्या..."

मात्सुएला दोन चाळीसला दार उघडलं. आम्ही दोघी एकदम बाहेर पडलो. दार अरुंद होतं, पण आम्ही एकदमच पडलो. मला थंडी वाजत होती म्हणून ताईने तिची पिवळी शाल माझ्यावर टाकली होती, पायांत हिरव्या सपाता. फलाटावर व्हीलचेअरमध्ये आई. मुठीएवढी झालेली, गुडघ्यांवर घोंगडी.

ताईने तिला मिठी मारली. आईचा वाळका हात ताईच्या पाठीवर फिरत राहिला, जणू एकतीस वर्षं तिथे कुठे शिवण उसवलीय का ते बघत होता. मी मागे उभी राहिले. मला वाकण्याशिवाय काही सुचेना, म्हणून वाकले.

"आई, मी किनुए. आणली बघ ताईला. एकत्र उतरलो."

ताईच्या खांद्यावरून आईने माझ्याकडे पाहिलं. पिवळी शाल पाहिली. हिरव्या सपाता पाहिल्या. ताईने गाडीतून आश्रमात फोन करून काय काय सांगितलं होतं, ते मला तोवर ठाऊक नव्हतं.

"अगंबाई!" आई म्हणाली. "ब्राझीलच्या बाई, किती छान जपानी बोलता हो तुम्ही!"

आणि मग तिने दुसरा हात माझ्याकडे केला, आणि मीही, चार माणसांदेखत, वाकायचं विसरले.

सपाता मी धुऊन परत पाठवल्या. सोबत चहाचा डबा. आठवड्याने इसोबेकडून गोड वड्या आल्या. मी लोणचं पाठवलं. त्याने नूडल्स पाठवल्या. हे दहा-बारा वर्षं चाललंय. गेल्या महिन्यात त्याच्याकडून आलं ते पार्सल मी अजून उघडलेलं नाही. भीती वाटते, याच्यावर आता काय पाठवायचं! बाहेरून चाचपलं तर बुटांसारखं लागतंय.