माहेरची हार्ड डिस्क

सासरच्या कॉम्प्युटरमध्ये जागा नव्हती. घरात होती; दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये मला अख्खं कपाट मिळालं होतं. पण कॉम्प्युटर माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, मंडळाच्या गणेशोत्सवांनी काठोकाठ भरला होता. आरत्या, बक्षीस समारंभ, अध्यक्षांची भाषणं (अध्यक्ष बाबाच).

आणि फोटोग्राफरने आमच्या लग्नाचे सगळे फोटो एकाच भल्यामोठ्या फाइलमध्ये पाठवले होते. लिंक रविवारी बंद होणार होती.

“बाबा, एखादं भाषण काढू या?”

बाबांनी असं पाहिलं, जणू मी मखरातली मूर्तीच उचलायला निघाले होते. “मोबाइलवर दोन-चार फोटो आहेत ना? बस झाले की!”

लग्न झाल्यापासून मी या घरात ‘हो’ आणि ‘अजून वाढू का?’ यापलीकडे फारसं बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. “माझ्या जुन्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क माहेराहून आणलीय. ती आत बसवते.”

“तू?” माझा नवरा यशोधन हसला. “यार मयुरा, नेहरू प्लेसच्या धीरजला बोलावतो ना. बिल्कुल एक्स्पर्ट आहे.”

“मी बसवते.”

कॅबिनेट उघडलं तोच सासूबाई हळदकुंकू घेऊन हजर. “पहिल्यांदा येतेय घरात. तशीच कशी घ्यायची?” (मला निदान माप ओलांडावं लागलं होतं, हिला थेट प्रवेश.)

वायरी जोडल्या, स्क्रू पिळले, बटण दाबलं. पडद्यावर रोज गणपती यायचा. आज मी आले. कॉलेजच्या नाटकातली, हवालदाराच्या वेषात, मिशीसकट.

“गणपती कुठे गेले?” बाबा खुर्चीतून उठलेच. “एकही फोल्डर दिसत नाही!”

“बघा!” सासूबाई कळवळल्या. “माहेरचं सगळं आलं, सासरचं सगळं गेलं!”

यशोधनने धीरजला फोन लावून स्पीकरवर टाकला. “भाभीजी ने खोला? उनसे कहिए, अब हाथ मत लगाएँ!”

भाभीजींनी हात लावला. “काही गेलेलं नाही, बाबा. दोघी आत आहेत. मी माझी पहिल्या जागी जोडली, म्हणून कॉम्प्युटर तिच्यावरून सुरू झाला.”

“मग काढ तिला!”

“काढणार नाही. जागा बदलते. राहणार दोघीही.” (हे मी डिस्कबद्दल म्हणाले. बहुतेक.)

आवाज ठाम होता, खात्री तेवढी नव्हती. बाप्पा खरंच गेले असते, तर मलाही माहेरची, नागपूरची गाडी धरावी लागली असती. कॉम्प्युटर बंद केला, वायरींची अदलाबदल केली, पुन्हा बटण दाबलं.

गणपती आले. बाबांनी हात जोडले. पडद्याला, मला नाही.

संध्याकाळी फोटो डाउनलोड झाले आणि सगळे कॉम्प्युटरभोवती जमले. पहिल्या फोटोत माझे डोळे मिटलेले. दुसऱ्यात मिटलेले. होमाचा धूर थेट माझ्याकडे होता. अंतरपाट, मंगळसूत्र, सप्तपदी, सगळीकडे मी गाढ झोपेत असल्यासारखी.

“सूनबाई,” बाबांनी हळूच विचारलं, “एवढं सगळं याच्यासाठी?”

“हो. एकही डिलीट होणार नाही.”

यशोधन पुढे सरकवत राहिला आणि अचानक ओरडला, “अरे, इथे बघ! काय टक्क उघडे आहेत!”

होते खरे. डोळ्यांत पाणी, चेहऱ्यावर विलक्षण प्रेम.

समोर जिलबीचं ताट होतं.