बापूकाका आणि तुटलेली वंशावळ

आमच्या बापूकाकांच्या पडवीत पाणी हवं असेल तर आधी पणजीचं माहेरचं नाव सांगावं लागतं. एकदा मासेवालीलाही त्यांनी अडवलं. ती टोपली उतरवत म्हणाली, "तुमका सुरमय होयी की माझी पणजी?" काकांनी सुरमई घेतली आणि पणजीही वहीत उतरवून घेतली.

रेडी बंदरातून निवृत्त झाल्यावर या सडाफटिंग माणसाने कॉम्प्युटर आणला आणि वंशावळीच्या सॉफ्टवेअरमध्ये घराणं भरायला घेतलं. भावकीच्या जुन्या कागदावर नुसते पुरुष. काका उखडायचे. "बाईचा नाव लग्नात बदलतत. माहेरचे विसारतत, सासरचे लिवनत नाय. मगे पोरां काय फणसाक लागली?" प्रत्येक बाईची दोन्ही नावं त्यांनी घरोघर भांडून मिळवली.

त्यात माझी बहीण शैलाही होती, नवरामुलांसकट. तिने जातीबाहेर लग्न केल्यापासून आमच्या घरात तिचं नाव निघत नसे. देवळाच्या पुस्तिकेत वंशावळ छापायची ठरली तेव्हा भावकी म्हणाली, ती नको. काकांनी त्यांना हाकललं. मग भावकीतले लोक माझ्याकडे आले. आज खरं लिहितो: मला कुणी भरीस घातलं नाही. मलाच ती तिथे नको होती.

काका जवळच्या विजेच्या गिरणीवर दळण आणायला गेलेले बघून मी शैलाची अख्खी फांदी पुसली. फाइल सेव्ह होतेय तोच अंगणात चपला वाजल्या. घाबरून मी प्लग उपटला. मग फाइल उघडेचना. लाइट गेली, मी म्हणालो.

काका वायरमनवर उखडले ते चार महिने. दिसला की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार. आणि सातही पिढ्या काकांना नावानिशी पाठ.

सावंतवाडीच्या दुरुस्तीवाल्याने नावं बरीच वाचवली, पण नाती तुटली होती. पडद्यावर आमचे मूळपुरुष स्वतःच्या नातसुनेचे चिरंजीव निघाले. "शिरा पडो ह्या मशिनीर," काका म्हणाले. रोज जेवणानंतर मी जायचो. ते वही वाचत, मी एकेक नातं जोडायचो. चहा तेच करत, साखर विसरत आणि ओरडत मात्र मला.

एक दिवस वही आमच्या पिढीशी आली. काका थांबले. मला सहन होईना. सांगून टाकलं, लाइट गेली नव्हती, शैलाला मी पुसलं.

"ठावक आसा. तेवा गिरणीचो आवाज माका अंगणात ऐकाक येय होतो."

मला उलट त्यांचाच राग आला. मग बिचाऱ्या वायरमनला का झोडत होतात? मला का बोलला नाहीत?

काकांनी वहीवरून नजर उचलली नाही. "बोललो असतंय, तर तू दुसऱ्या दिवशी इलो असतंस?"

वंशावळीत त्यांच्या चौकटीखाली एकही रेघ नाही, हे मी चार महिने रोज बघत होतो.

मग ते पुन्हा भडकले. शैलाच्या मुलांची नावं वहीत आहेत, पण मी सांगणार नाही, म्हणाले. "तिकाच इचार." फोन त्यांनीच लावला आणि माझ्या हातात कोंबला.

"बोला, काकानू," शैला म्हणाली. नऊ वर्षांनी ऐकला तो आवाज.

"काका नाय. मी. शैला, तुझ्या पोरांची नावां सांग गो."

पुसताना मी ती नावं वाचलीसुद्धा नव्हती.

ती म्हणाली, "लिही." एकेक अक्षर रागाने आपटत ती सांगू लागली. काकांनी उठून पंखा बंद केला, नीट ऐकू यावं म्हणून.