डावीकडची चकती

माझ्या सासऱ्यांच्या तेराव्याला फोटोसमोर बसून आत्याबाई मोठ्यानं रडत होत्या. अख्खं घर गप्प. तेवढ्यात समोरचे उत्तमकाका उठले, पिशवीतून गवंड्याची पाणसळ काढली, फोटोच्या चौकटीवर टेकवली, हिरव्या पाण्यातला बुडबुडा डोळे बारीक करून पाहिला आणि खड्या आवाजात म्हणाले, "तिरपं हाय."

आत्याबाईंचं रडणं थांबलं. काकांनी फोटो सरळ केला, पुन्हा बुडबुडा पाहिला, "हां, आता रडा," म्हणाले आणि जागेवर जाऊन बसले.

त्या दिवशी मला जो राग आला, तो अजून पुरता उतरलेला नाही. उतरणार कसा? तो उतरायच्या आत काका काहीतरी नवं करून ठेवतात.

उत्तमकाका मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. जन्मभर लोकांच्या बांधावर साखळ्या ओढल्या, आता पुंडलिकनगरातल्या आमच्या गल्लीवर सूड उगवतात. माझा नवा फ्रिज आला, तर दुकानाचा माणूस जायच्या आत हे पाणसळ घेऊन हजर. "ताई, मागचा पाय उचलून घ्या." गणपतीचं मखर तिरपं, लग्नाचा मांडव तिरपा, माझ्या स्वयंपाकघराचा ओटा तर इतका तिरपा की म्हणे पोळ्या लाटताना माझाच तोल जात असणार. कुणी उलट बोललं की त्यांचा आवाज चढतो, 'ताई'ची 'मॅडम' होते आणि मग तास गेला. माझाही आवाज काही कमी नाही. आमची भांडणं ऐकायला लोक गच्चीत येतात.

अशा माणसानं एके दिवशी लष्कराच्या लिलावातला ट्रक आणला. जीपपेक्षा मोठा, नेहमीच्या ट्रकपेक्षा लहान, रंग शेवाळ्यासारखा, आवाज असा की माझ्या फळीवरचे डबे हलायचे. आणि लावला कुठं? माझ्या फाटकासमोर!

"काका, गल्ली एवढी मोठी आहे. माझ्याच फाटकात का?"

"सपाट जागा तेवढीच हाय, मॅडम. बाकी सगळी गल्ली तिरपी."

ट्रक एकट्या काकांचा नव्हता. अर्धा रज्जाकभाईंचा. रज्जाकभाईंचं औरंगपुऱ्यात सीटकव्हरांचं दुकान. दोघांची शाळेपासूनची दोस्ती. काका जेवढे वाळकुडे, तेवढे रज्जाकभाई भरभक्कम. त्यांनी ट्रकच्या सीटा स्वतः शिवल्या आणि डावीकडच्या सीटवर कायमचं ठाण मांडलं. गुडघ्यांचं दुखणं असल्यामुळे एकदा चढले की उतरायचं नाव घेत नसत. दर रविवारी दोघांनी हर्सूलच्या तलावावर जायचं, भजी खायची, एकमेकांवर ओरडत परत यायचं. एवढ्यासाठी लष्करी ट्रक!

पण ट्रक डावीकडं कललेला निघाला. आता बोला. जगातला सगळ्यात सरळ माणूस आणि त्याच्याच दारात, म्हणजे माझ्या दारात, तिरपा ट्रक. काकांचं जेवणावरून लक्ष उडालं. इतर ट्रकांना खाली कमानीचे पाटे असतात, ह्याला मात्र गोल गुंडाळीच्या स्प्रिंगा होत्या. काकांनी शोध लावला की डावीकडच्या स्प्रिंगेच्या डोक्यावर एक जाड लोखंडी चकती बसवली की ती बाजू वर उचलली जाते. स्पेसर म्हणतात म्हणे तिला. लेथवाल्याकडून करून आणली.

मग माझे रविवार सुरू झाले. जॅक माझ्या फाटकासमोर, काढलेलं चाक माझ्या तुळशीला टेकवलेलं, आणि चाक काढायच्या वेळी खाली उतरवलेले रज्जाकभाई माझ्या खुर्चीत, माझा चहा पीत. स्प्रिंग ओढून काढायची, चकती घालायची, चाक चढवायचं. मग रज्जाकभाई कण्हत वर आपल्या जागी जाऊन बसायचे आणि काका बॉनेटवर पाणसळ ठेवायचे. पहिली चकती जाड झाली. दुसरी पातळ झाली. तिसरीला बुडबुडा मधोमध उभा राहिला, आणि काकांनी सगळ्या गल्लीला पेढे वाटले. मलाही दिले. मी खाल्ले, पण रागानंच.

पुढच्याच रविवारी ठिणगी पडली. रज्जाकभाई सीटवरूनच म्हणाले, "उत्तमराव, एक बोलू? स्प्रिंगच बैठ गयी सो है. चकत्या कायकू ठूसते? नवी स्प्रिंग डालो."

"बुडबुडा मधोमध हाय! दिसत नाय का?"

"बुडबुड्याला काय कळतंय! जिंदगीभर लोकांच्या जमिनी अशाच मोजल्या का?"

काका लालभडक. "उतरा खाली," म्हणाले.

"उतरतो. फिर चढता नई."

रज्जाकभाई गुडघा धरून उतरले, कोपऱ्यावर रिक्षा थांबवली आणि गेले. मागं वळून बघितलं नाही. त्यानंतर ते आले नाहीत आणि काकाही तिकडं गेले नाहीत. हर्सूल बंद, भजी बंद. गल्ली इतकी शांत झाली की मला त्याचाच राग यायला लागला.

आणि ट्रक? तो आता उजवीकडं कलला! आधी कुणाला कळलं नाही, पण मला रोज फाटकातून स्कूटी काढताना तेच दर्शन. गल्लीतले लोक काकांना चिडवू लागले. दुसऱ्याच्या फोटोत पाणसळ घालणारा माणूस स्वतःचा ट्रक मात्र वाकडा ठेवून हिंडतो! काका एरवी घर डोक्यावर घेणारे. ह्यावर मात्र हं की चूं नाही.

परवा स्कूटी काढताना माझा आरसा त्या ट्रकला घासून फुटला. मग मी ऐकतेय होय! तरातरा गेले, काकांच्या हातातली पाणसळ हिसकावली आणि बॉनेटवर ठेवली. बुडबुडा डावीकडं पळालेला.

"बघा! सगळ्या गावाला शिकवता ना? तिरपं हाय! काढा ती चकती!"

"चकती निघणार नाय."

"का नाही? स्वतःच्या ट्रकाला वेगळा कायदा आहे का?"

काका भडकले. बऱ्याच दिवसांनी त्यांचा तो आवाज ऐकला. "ट्रक तिरपा नाय, मॅडम! ट्रक बराबर हाय. डावीकडचा माणूस कमी हाय!"

मला आधी कळलंच नाही. मग आठवलं. रज्जाकभाई वर बसल्याशिवाय काकांनी कधी पाणसळ ठेवलीच नव्हती. अख्खी मोजणी त्यांना धरून केलेली. ती काढून पातळ चकती घातली असती तर ट्रक त्या माणसाशिवाय सरळ झाला असता, आणि नेमकं तेच काकांना नको होतं.

मला भयंकर राग आला. काकांचा, रज्जाकभाईंचा, त्यांच्या साठीतल्या अक्कलशून्य हट्टाचा. काय करावं सुचेना, म्हणून पायरीवर पाय देऊन मी ट्रकात चढले आणि रज्जाकभाईंच्या सीटवर दाणकन बसले.

"आता बघा!"

काकांनी वाकून बुडबुड्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"हलला थोडा," ते हळूच म्हणाले. "पण तुमचं वजन पुरत नाय, ताई."

मी खाली उतरले. काका पाणसळ धोतराला पुसत राहिले. एकच जागा पुन्हा पुन्हा पुसत होते.

"आरसा बसवायला औरंगपुऱ्यालाच जाणार असाल ना? तिकडं गेलात तर त्याला काय सांगू नका. नुसतं बघून या. गुडघे कसे हायेत त्याचे."

"सांगणार," मी म्हटलं. "चांगलं खडसावून सांगणार. आधी ट्रक हलवा, माझी स्कूटी निघत नाही."

आणि पहिल्यांदाच, एका शब्दानंही न भांडता, काकांनी ट्रक माझ्या फाटकासमोरून हलवला.