चौगुले आप्पांच्या खांद्याचं माप

आमच्या गल्लीत नवा दूधवाला आला की चौगुल्यांच्या फाटकापाशी त्याचे पाय अडखळायचे. सकाळचे सात वाजलेले असायचे आणि अंगणात आप्पा बायकांचा झगा घालून उभे असायचे. ताठ देह, पांढऱ्या झुपकेदार मिशा आणि गळ्याशी चुण्या. एक बाही लागलेली, दुसरी अजून यायची असायची. पायाशी त्यांची पुतणी शिवानी तोंडात टाचण्या धरून बसलेली.

"काय बघताय पावणं?" आप्पा मान न वळवता गरजायचे. "कापड हाय, भूत न्हाय. घाला की दूध."

आप्पा एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. जन्मभर उभं राहून त्यांनी गाड्या पुकारल्या. निवृत्तीनंतर आवाज तसाच राहिला, पुकारायला गाड्या तेवढ्या उरल्या नाहीत. लग्न केलं नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणायचे, "थांब्यावर उभारलतो की. गाडी थांबली न्हाय." मंगळवार पेठेतल्या घरात एकटेच राहायचे. मग शिवानी शिरोळहून त्यांच्याकडे शिकायला आली.

तिने इथेच फॅशनचा डिप्लोमा केला. तो संपला तेव्हा तिला एक प्रमाणपत्र मिळालं आणि टोपी घातलेला एक फोटो. पुढं काय करायचं हे दोन्हींत कुठेच नव्हतं. तिला व्हायचं होतं पॅटर्न मेकर, म्हणजे चित्रातला कपडा माणसाच्या अंगावर बसेल असा आधी कागदावर आखून, कापून देणारी. तिकडे शिरोळात वडिलांनी स्थळं बघायला सुरुवात केली होती. आप्पांनी धाकट्या भावाला फोनवर सांगितलं, "एक वरीस ही माझ्याकडं. वर्षात नोकरी न्हाय लागली तर मी सोता आणून सोडतो." फोन नसता तरी शिरोळला ऐकू गेलं असतं.

मग घरातच कॉलेज सुरू झालं. विद्यार्थिनी ती, मास्तर तीच, आणि शिपायापासून प्रयोगशाळेपर्यंत बाकी सगळं आप्पा. सकाळी कोरा मांजरपाट अंगावर चढवून, टाचण्या लावून कपड्याचा आकार काढायचा. त्याला माणसाच्या आकाराची डमी लागते, आणि डमी परवडत नाही असं ती म्हणाली, तसे आप्पा उठून उभे राहिले. "मग मी काय मेलोय व्हय?" दुपारी ती शाहूपुरीत एका शिंप्याकडे जुने कपडे उसवत बसायची. उसवल्यावर शिवणाऱ्याचं डोकं कळतं म्हणे. संध्याकाळी रंकाळ्यावर जायची, चालत्या माणसाच्या अंगावर कापड कसं वागतं ते बघायला. तिथेही आप्पा सोबत. "शिवाने, त्या निळ्या ड्रेसचं मागनं वर चढलंय बघ!" निळा ड्रेस गर्रकन वळायचा आणि शिवानी भेळेच्या गाडीमागे दडायची.

तिच्या करिअरचा आराखडाही आप्पांनीच आखला, अर्थात एसटीच्या हिशेबाने.

"थेट गाडीच्या नादाला लागू नगंस. थेट गाडीतल्याला मधली गावं दिसत न्हाईत. आदी इचलकरंजीला उतर. कापड व्हतंय कसं, ते बघ. मग पुणं. मग मुंबई."

"आणि मग?" मी शेजारच्या आमच्या गॅलरीतून विचारायचो.

"मग पॅरिस."

"ती गाडी कुठून जाते, आप्पा?"

"व्हाया निपाणी."

इचलकरंजीला मात्र ती खरंच गेली आणि चांगली आठवडाभर मागांच्या खडखडाटात बसून आली.

थंडीतल्या सकाळी अंगणात धुकं उतरायचं. वाऱ्याने मांजरपाटाचा घोळ फुगायचा आणि मला वाटायचं, आता हा माणूस वीतभर वर उचलला जाणार. आप्पा डोळे मिटून बोलत राहायचे. "उभारलो की मला दिसतंय बघ. दिव्यांचा रस्ता हाय. त्यावरनं पोरी चालल्यात, समद्यांच्या अंगावर तुझं काम. आनि मी फेटा बांधून पुकारतोय, कोण आली, कुठनं आली." शिवानीच्या हातातली टाचणी हातातच राहायची. तीही तो रस्ता बघत असायची. कुणालाच हलावंसं वाटायचं नाही. माझा चहा तर रोजच निवायचा.

वर्ष सरत आलं तेव्हा पुण्याच्या एका कपड्यांच्या कारखान्याने तिच्याकडून नमुने मागवले. तिने झगे पाठवले. चार दिवसांनी फोन आला. काम फार सफाईचं आहे, पण हे खांदे कुणाचे? महिनाभरात बायकांच्या अंगावर बसतील असे पाठवा, मग बघू.

शिवानी आमच्या गॅलरीत येऊन रडली. "काका, मी मापं कमी करून कापतो, पण डोळ्याला सवय आप्पांचीच झालीया. त्यांना सांगू नका हं. लई मन लावून उभारत्यात. नको म्हटलं तर दिवसभर करतील काय?"

भिंतीला कान असतात म्हणतात. आमच्या भिंतीला तर आप्पांचे कान होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगण रिकामं होतं. दुपारी रिक्षा आली. आत आप्पा, आणि त्यांच्या शेजारी, जमेल तेवढं अंतर राखून, कापडी अंगाची एक बिनडोक्याची बाई. तिच्यावर आप्पांनी आपला टॉवेल पांघरला होता.

"उघडी कशी आणायची गावातनं?" ते मला म्हणाले. मग त्यांनी ती डमी उचलून अंगणात स्वतःच्या जागेवर ठेवली आणि शिवानीला हाक मारली. ती दारात आली, डमी बघितली आणि ओढणीने डोळे पुसू लागली.

"रडतीस काय? चढव कापड. ही हलत न्हाय, बोलत न्हाय. माझ्यापरास गुणाची हाय."

नवे झगे वेळेत गेले आणि नोकरी लागली. स्टँडवर आप्पांनी पुण्याची गाडी अशी पुकारली की तिचा चालकसुद्धा दचकला. गाडी वळून दिसेनाशी झाली तरी ते हात हलवत होते.

परवा शाहूपुरीत त्या शिंप्याच्या दुकानात गेलो तर आप्पा सदऱ्याचं माप देत होते. ते चप्पल शोधायला बाहेर गेले तसा शिंपी माझ्या कानाशी लागला, "आदले सदरे शिवून पडल्यात की वो इथं. न्यायला येत न्हाईत, नवा टाकायला येत्यात."

परतताना मी विचारलंच. "आप्पा, एवढे सदरे कशाला?"

आप्पा म्हणाले, आणि इतका हलका आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता, "सदरा कुणाला पायजे वो? टेप लावताना खांद्यावर हात ठेवतोय त्यो. पोरगी गेल्यापास्नं मला दुसरं कोण हात लावतंय?"

चौकात गर्दी होती. रस्ता ओलांडायला म्हणून मी त्यांचा हात धरला आणि पलीकडे गेल्यावरही सोडला नाही.

"मला काय रस्ता दिसत न्हाय व्हय?" आप्पा पुटपुटले. पण गल्ली येईपर्यंत त्यांनी हात सोडवून घेतला नाही.