आप्पांची सरकारी आरती

विश्वनाथआप्पांनी उभ्या आयुष्यात ‘दुष्काळ’ हा शब्द तोंडातून काढला नाही. बारवेचा तळ दिसला, जनावरं छावणीत गेली, अख्खं गाव खडी फोडायला गेलं, तरी आप्पांच्या लेखी ती ‘टंचाईसदृश परिस्थिती’च. आमटीत मीठ कमी पडलं तरी तेच आणि गालावर खुंट वाढले तरी तेच. “ब्लेडची टंचाईसदृश परिस्थिती हाय, गुरुजी,” असं ते मला गंभीरपणे सांगत. यात हसण्यासारखं काही आहे, हे त्यांना कधी कळलं नाही.

आप्पा सरकारच्या प्रसिद्धीच्या जीपवर भोंगा घेऊन बसायचे. निवृत्त झाले तेव्हा भोंगा ऑफिसात राहिला, आवाज तेवढा बरोबर आला. चहा हवा असला की सुनेला हाक जाई, “कळविण्यात येते की...” आणि गल्लीच्या टोकाच्या घरातही आधण चढे. हे कुणी सांगितलं, ते कुणी केलं, असं काहीही विचारा, आप्पांचं उत्तर ठरलेलं: “शासनानं.”

लहानपणी निजामाच्या शाळेत ते रोज हुजुरांच्या दीर्घायुष्याची दुआ म्हणत. हुजूर गेले, राज्य गेलं, तरी आप्पा सावधानमध्ये उभे राहून ती चाल गुणगुणून दाखवत आणि तिला जोडूनच अल्पबचतीची घोषणा देत. “यातलं तुम्हाला खरं कोणतं वाटायचं?” असं मी एकदा विचारलं.

“आपुन इचारायचं न्हाई, गुरुजी. कागद बदलला की घोषणा बदलायची. आपुन निस्तं तोंड.”

मी मूळचा नांदेडचा. बदलीवर औशाजवळच्या या गावी आलो आणि आप्पांच्या शेजारी खोली घेतली. पहिल्याच सोमवारी महादेवाच्या आरतीला गेलो. कापूर विझत आला तशा बायका एका सुरात गाऊ लागल्या, ‘गाळून प्या हो, गाळून प्या, दुहेरी फडक्यानं गाळून प्या.’ चाल अशी गोड, की इकडच्या कुणा संताचा अभंग असावा असं मला वाटलं. देह म्हणजे घागर आणि विवेक म्हणजे फडकं, असा अर्थही मी लावून मोकळा झालो. शेजारच्या म्हातारीला विचारलं तर ती म्हणाली, “पयल्यापसून हाय की. देवाचंच हाय.”

ते देवाचं नव्हतं, आरोग्य खात्याचं होतं. टंचाईच्या साली (हा आप्पांचा शब्द, मलाही लागला) लोक बारवेत उतरून गढूळ पाणी भरायचे आणि त्यातून पायाला नारूचा जंत व्हायचा. तेव्हा आप्पांच्या भोंग्यातून ही ओळ गावोगाव फिरली. पुढे गावातला नारू हटला, जीप यायची थांबली, आणि ओळ देवळात जाऊन बसली. बारशाला म्हणत, नवस फेडताना म्हणत. निम्म्या घरांत पाणी काही गाळत नसत, पण ओळ म्हणायची राहिली तर आरती पुरी झाली असं कुणी मानत नसे. सरकारी कागदावरचं वाक्य देवापुढे कसं पोचलं, या कुतूहलानं मला काही चैन पडेना.

मग लातूर वेगळा जिल्हा झाला. गावात नव्याची हवा आली, देवळाची कमिटीही नवी झाली. सभामंडपाच्या उद्घाटनाला खुद्द कलेक्टर येणार ठरलं. कमिटीचा अध्यक्ष बालाजी आप्पांच्या ओट्यावर येऊन म्हणाला, “आप्पा, सायबाम्होरं नारूचं गाणं बरं दिसंल का? आपुन ‘नवा जिल्हा, नवी पहाट’ म्हणू.”

कागद बदलला की घोषणा बदलणारे आप्पा लगेच हो म्हणतील, अशी माझी खात्री होती. ते म्हणाले, “न्हाई.” त्या दिवसापासून हा जीपवर फिरलेला माणूस कमिटीच्या एकेकाच्या दारी पायी गेला, हात जोडून आला. कुणी ऐकलं नाही.

“आप्पा, एका घोषणेसाठी एवढं?” मी विचारलं.

“कागदावर निस्तं लिवल्यालं व्हतं, पाणी गाळून प्यावे. मी भोंग्यावर वरडलो तर लोक हसले. घरी आलो, आमची मंडळी जात्यावर बसली व्हती. म्हणली, आसं अंगावर वसकल्यावर कोन ऐकतंय? आन दळता दळता तिनं चाल लावली. तिचा फोटू न्हाई, गुरुजी. काढायचाच ऱ्हायला. ह्या बाया गातेत तवा ती हाय आसं वाटतंय. गाणं बंद झालं की संपलं.”

आरतीत आप्पा स्वतः कधी का गात नाहीत, बायकांकडच्या खांबाला टेकून डोळे मिटून का उभे राहतात, ते मला तेव्हा कळलं.

उद्घाटनाच्या दिवशी आरती झाली आणि बालाजीनं ‘नवा जिल्हा’ सुरू केलं. चार बाप्यांनी ते दोनदा म्हटलं, पण त्याला चालच नव्हती, ते आपोआप विरलं. कापूर विझत आला. इतक्यात ती म्हातारी सवयीनं गाऊ लागली, ‘गाळून प्या हो...’ आणि तिच्यामागे सगळ्या बायका. बालाजीचा चेहरा पडला. कलेक्टर मात्र टाळ्यांचा ठेका धरून ऐकत राहिले.

“फार गोड आहे,” गाणं थांबल्यावर ते म्हणाले. “कुणाची रचना?”

सगळ्यांनी आप्पांकडे पाहिलं. त्यांचं उत्तर गावाला पाठ होतं.

आप्पा खांब सोडून सावधानमध्ये उभे राहिले. “गंगाबाईची, सायेब,” ते म्हणाले. “माझ्या बायकोची.”

आप्पांच्या पिढीत बायकोचं नाव घेत नाहीत. ती असतानाही गावानं ते त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. आज त्यांनी ते भोंग्याच्या आवाजात घेतलं, पार वेशीपर्यंत ऐकू जाईल असं.