थोरली निघाली

चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकाला तक्त्यावरची शेवटची ओळ वाचायला सांगून दुकानदाराने फोन कानाला लावला. घरच्या ग्रुपवर बायकोने काहीतरी बोलून पाठवलं होतं. येताना भाजी आण म्हणत असेल, असं त्याला वाटलं.

"मी निघाले," बायको संथपणे सांगत होती. "शोधायला येऊ नका. इतकी वर्षं बोलत होते, तुमचं लक्ष टीव्हीत. ताट पुढ्यात आलं की जेवलात, कोण वाढतंय ते कधी बघितलं नाहीत. आता बसा."

गिऱ्हाईक अक्षरं सपशेल चुकीची वाचत होतं आणि हा "बरोबर, बरोबर" म्हणत होता.

वास्तविक बायको तेव्हा फिजिओथेरपिस्टच्या दवाखान्यात व्यायामाच्या सायकलवर बसून गात होती. दिवसभर वाचनालयात लोकांना गप्प करणारी ही बाई एका बँडची गायिका होती. गिटारवर त्या दवाखान्याच्याच डॉक्टरीणबाई, ड्रमवर शाळेच्या बसची ड्रायव्हर. दीपगृहात राहणाऱ्या बहिणींच्या एका जुन्या मालिकेने तिघींना वेड लावलं होतं आणि प्रत्येक बहिणीवर एकेक गाणं चाललं होतं. थोरलीच्या गाण्याला चाल लागायची होती, म्हणून हिने तालमीला येता येता शब्द नुसते बोलून बँडच्या ग्रुपवर पाठवले. म्हणजे तिच्या समजुतीने बँडच्याच. मग तालमीचा नियम म्हणून फोन बंद करून टाकला.

नवऱ्याने वाचनालयात फोन केला. मॅडम अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेल्या, असं कळलं. दुकान तसंच टाकून तो घरी पोचला, तर बायकोच्या सासूबाई, म्हणजे त्याची आई, तिचा दीर आणि जाऊ फोनभोवती बसलेले. कपाटातल्या साड्या जागच्या जागी होत्या. ते बघून तर तो जास्तच घाबरला. एक कपडासुद्धा न घेता निघायचं म्हणजे बाई किती विटली असेल! दीर म्हणाला, 'आता बसा' हे मलाच आहे, मी तिच्या आवाजाची नक्कल करायचो. सासूबाईंनी ते बोलणं पुन्हा पुन्हा लावायला सांगितलं. जाऊ मात्र ते दर वेळी मन लावून ऐकत होती.

शेवटी पोलिसांना फोन लावला. तिकडून विचारलं, सकाळी अंगावर काय होतं? नवऱ्याने आठवून पाहिलं. निळं? हिरवं? जगाला चष्मे विकणारा माणूस, पण स्वतःच्या बायकोच्या अंगावरचा रंग त्याला सांगता येईना. त्याने हळूच फोन ठेवला आणि तो खरंच रडायला लागला.

तेवढ्यात दार उघडून बायको गुणगुणत आत आली. सगळे ओळीने बसलेले आणि टीव्ही बंद.

"कोण गेलं?" तिने विचारलं.

"तूच, वहिनी," दीर म्हणाला.

पुढचा बराच वेळ तिला हे समजावण्यात गेला की ते बँडचं गाणं आहे, मालिकेवरचं आहे आणि अंगठा चुकीच्या ग्रुपवर पडला. हळूहळू खोलीत हवा खेळायला लागली. नवऱ्याने डोळे पुसले, चष्मा पुसला आणि तो चक्क हसला.

"म्हणजे ते सगळं त्या थोरलीचं. तिच्या नवऱ्याला उद्देशून."

"हो ना," बायको घाईने म्हणाली.

"थोरलीला नवरा कुठे होता?" सासूबाई म्हणाल्या. त्यांनी त्या मालिकेचा एक भाग चुकवला नव्हता. "तिचं लग्नच झालं नव्हतं शेवटपर्यंत."

नवऱ्याने बायकोकडे पाहिलं. साडी जांभळी होती.

मग बायको पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली. तिच्या पाठोपाठ जाऊ आली आणि तिने दार हलकेच लोटून घेतलं.

"ताई, पुढची तालीम कधी आहे?" तिने दबक्या आवाजात विचारलं. "मलापण दोन ओळी म्हणायच्या आहेत."