आंब्याला लागलं बोर

भिकी कार्ड उलटं धरूनही 'चिकू' असं खणखणीत वाचायची, तेव्हाच चुरी गुरुजींना शंका यायला हवी होती. पण वाचून झाल्यावर चिकू तोंडात टाकताना पोर इतकी खूश दिसायची, की गुरुजींना वाटायचं, वाचनाची गोडी म्हणतात ती हीच.

शाळा तलासरीच्या पूर्वेला, डोंगराकडच्या एका पाड्यावर. गुरुजी राहायचे डहाणूजवळ आगरला. रोज स्कूटरला पिशवी अडकवून यायचे आणि पिशवीत त्या त्या दिवसांतलं फळ असायचं. थंडीत बोरं, मग चिकू, मार्चात चिंचा. फळ्यावर अक्षरं गिरवून झाली, की टेबलावर फळ, शेजारी शब्दाचं कार्ड. पहिलीची पोरं आधी वाचायची, मग खायची. या वर्गात गैरहजर कोणी राहतच नसे.

एका शुक्रवारी केंद्रप्रमुख सावे साहेब तपासणीला आले. पोरांनी धडाधड वाचून दाखवलं. साहेबांनी सगळी फळं उचलून पिशवीत टाकली, एक कार्ड वर धरलं आणि म्हणाले, "आता वाच."

भिकीने कार्डाकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं.

"पिशवी उघडा, मग वाचते," ती म्हणाली.

साहेबांनी गुरुजींना ओट्यावर नेलं. "गुरुजी, ही पोरं अक्षर नाही, फळ वाचतायत."

"गोडी लागतेय, साहेब."

"चिकूची लागतेय. सोमवारी परत येतो. तोवर एकाने जरी नुसतं अक्षर बघून वाचलं, तर ठीक. नाहीतर हा फळबाजार बंद करा."

फळं बंद झाली तर अर्धा वर्ग बकऱ्यांमागे जाईल, हे गुरुजींना पक्कं ठाऊक होतं. रात्री जेवतानाही ते त्याचाच विचार करत होते. मग त्यांना युक्ती सुचली. शब्द वर्गात कोंडायचा कशाला? येता-जाता, खेळता-खेळता पोरांच्या डोळ्यांपुढे राहू दे. शनिवारी सकाळची शाळा सुटली तसा सगळा पाडा पोराबाळांसकट शेजारच्या पाड्यावर लग्नाला गेला. गुरुजींनी पुठ्ठे कापले, शाळेची खिडकी रंगवून उरलेला लाल रंग घेतला, मोठी ठसठशीत अक्षरं काढली आणि घराघरापुढच्या झाडांना सुतळीने पाट्या बांधल्या. आंब्याला 'आंबा', चिंचेला 'चिंच', बोरीला 'बोर', चिकूला 'चिकू', फणसाला 'फणस'. सोमवारी पोरं बघतील आणि नाचतील, अशा आनंदात ते स्कूटरवर शीळ घालत घरी गेले.

आता, त्या वर्षी तालुक्यात जिकडे तिकडे मोजण्या चालल्या होत्या. एक रेल्वेची, एक रस्त्याची. मोजणीवाले यायचे, झाडांवर लाल रंगात काहीबाही लिहायचे आणि निघून जायचे. मागाहून खुणेचं झाड आणि त्याखालची जागा सरकार घेणार, असं लोक म्हणायचे. रविवारी सकाळी लग्नाहून परतलेल्या रघ्याने दारातल्या चिंचेवर लाल अक्षरं पाहिली आणि तो तिथूनच बोंबलला, "आली रे मोजणी! आपण जेवत होतो नि ते येऊन गेले!"

पाडा गोळा झाला. दहावी शिकलेल्या दीपेशला पुढे ढकललं.

"चिंच लिवलाय," दीपेश म्हणाला.

"चिंचेवर चिंच?"

"तेच तं! यादीत झाडाची जात लिवावी लागते. मोजणीवालेच हायेत."

"मग फाड की ती!" रखमी म्हणाली.

"खुळी का तू? सरकारी पाटी फाडली तं केस होते. फाडायची नाय."

"मग?"

दीपेशने आवाज खाली आणला. "हलवायची."

एवढं सगळ्यांना पुरलं. दुपारच्या आत रघ्याची पाटी चिमणच्या आंब्यावर गेली. चिमण झोपून उठला तर दारात दोन पाट्या. त्याने एक रघ्याच्या बोरीवर नेली, तर तिथे आधीच एक होती. ती काढून त्याने रखमीच्या ताडावर टांगली. रखमीने ती बकरीच्या खुंटाला बांधली. खुंट नेला तर दुसरा ठोकता येतो. दिवस मावळेपर्यंत पाट्यांनी पाड्याला तीन फेऱ्या घातल्या आणि शेजारी एकमेकांकडे फार गोड हसू लागले.

सोमवारी साहेब मोटरसायकल म्हाताऱ्या बुधीबाईच्या अंगणात लावून शाळेत आले. "चला," गुरुजी रुबाबात म्हणाले, "आज वर्ग बाहेर आहे."

रांग चिमणच्या आंब्याखाली थांबली. गुरुजींनी वर पाहिलं. आंब्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं: बोर.

"भिकी, काय लिहिलंय?" साहेबांनी विचारलं.

गुरुजींनी डोळे मिटले. पोर झाड बघणार, 'आंबा' म्हणणार, आणि फळबाजार उठणार.

भिकीने कैऱ्या पाहिल्या. तोंड उघडलं. मग पाटी पाहिली आणि मिटलं. पुन्हा कैऱ्या, पुन्हा पाटी. ओठ हलले. "बो... र... बोर." आणि ती किंचाळलीच, "गुरुजी! आंब्याला बोर लिवलाय! कोण खुळा रं हा?"

मग रांग राहिलीच नाही. पोरं पाडाभर उधळली. "ताडाला चिकू!" "बोरीला आंबा! एकीला दोन-दोन!" "बकरीला चिंच, गुरुजी, बकरीला चिंच लागली!" मोठ्या माणसांच्या चुका सापडतायत म्हटल्यावर दर पाटीगणिक वाचायचा वेग वाढत होता. धाकल्या नावाचा पोरगा तर हसून हसून मातीत लोळत अक्षरं लावत होता.

साहेब थक्क झाले. "गुरुजी, मुद्दाम उलट्यासुलट्या लावल्यात? फळ बघून बोलता येऊ नये म्हणून? कमाल केलीत!"

गुरुजींनी मान अशी हलवली, की तिचा अर्थ ज्याने त्याने आपल्या सोयीने घ्यावा.

तेवढ्यात रघ्या धावत आला. "साहेब, ती पाटी माझी नाय, चिमणची हाय!"

"खोटं बोलतो! साहेब, माझी झाडं यादीत धरू नका!" चिमण मागून ओरडला.

"कसली यादी?" साहेब गांगरले. गुरुजींनी कपाळाला हात लावला आणि सगळं उलगडून सांगितलं. मोजणी नाही, पोरांच्या धड्याच्या पाट्या. मग सगळ्यांनी दीपेशकडे पाहिलं, आणि दहावी शिकलेल्या दीपेशला कंपनीत पाळी असल्याचं एकदम आठवलं.

साहेबांनी तिथेच वहीत लिहिलं, 'नावीन्यपूर्ण उपक्रम. फळे चालू ठेवावीत.' गुरुजींच्या जिवात जीव आला. अख्खा वर्ग साहेबांना पोचवायला निघाला.

मोटरसायकलच्या मागे, नंबराच्या वर, सुतळीने बांधलेली एक पाटी लोंबत होती. बुधीबाई दारात पदराआड तोंड लपवून उभी होती.

"आजी, हे काय?"

"मना काय माहीत, गुरुजी? म्हटलं, सरकारला काय न्यायचंच असंल, तं पाड्यात हीच एक वस्तू हाय जी आमची नाय."

साहेब मोठ्याने हसले. "वाच गं, भिकी."

"फ... ण... स. फणस."

भिकीने गाडीकडे पाहिलं. मग साहेबांच्या तीन दिवस न केलेल्या दाढीकडे बराच वेळ निरखून पाहिलं आणि गुरुजींचा हात ओढून म्हणाली,

"गुरुजी, ही तेवढी बरोबर लागलीय."